शेवटच्या गाण्यातला ‘स’

रेकॉर्डच्या कुठल्याही बाजूचं शेवटचं गाणं लागलं की माझी चिडचिड सुरू व्हायची. पहिली दोन-तीन गाणी झकास, आवाज मोकळा, सगळं जिथल्या तिथे, आणि मग सुई आत आत सरकायला लागली की गाणाऱ्या बाईंचा ‘स’ फाटायचा. ‘सांज’ म्हटलं की ‘श्स्सांज’, ‘च’ आला की कुणीतरी बाजूला बसून कागद फाडतंय असं वाटायचं. आधी म्हटलं रेकॉर्ड जुनी आहे, घासली असेल. मग नवी कोरी रेकॉर्ड लावली, तिचंही तेच. मग कार्ट्रिजवर, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीवर संशय, मग तिचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या फोनो प्रीअँपवर, मग स्वतःच्या कानांवर. टोनआर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर संशय घ्यायला मला जवळपास दीड महिना लागला, कारण त्यावर कार्ट्रिज मी स्वतः बसवलं होतं आणि स्वतःच्या कामावर कोण संशय घेतो.

झालं होतं असं की आधी माझ्याकडे साधी गोल टोकाची, म्हणजे कोनिकल सुई होती. ती काढून लंबगोल टोकाची, म्हणजे इलिप्टिकल घेतली, कारण सगळे म्हणतात बारकावे जास्त ऐकू येतात. येतात, खरंच येतात, पण त्यात माझ्या बसवण्यातल्या चुकाही आल्या हे नंतर कळलं. गोल सुई कशीही फिरवा, ती गोलच असते, थोडी तिरकी बसली तरी रेकॉर्डवरच्या खाचेच्या, म्हणजे ग्रूव्हच्या दोन्ही भिंतींना तशीच टेकते. इलिप्टिकलचं तसं नाही, तिच्या दोन्ही बाजूच्या धारा समोरासमोर टेकायला लागतात, तिरकी बसली की एक धार थोडी पुढे आणि एक मागे, म्हणजे डावा चॅनेल एका क्षणाला आणि उजवा पुढच्या क्षणाला वाचला जातो. जुन्या सुईने माझा आळस पोटात घातला होता, नवीन सुईने तो चव्हाट्यावर मांडला.

आणि हे शेवटच्या गाण्यातच का, तर त्याचं गणित सोपं आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला, मध्यापासून साधारण १४६ मिमीवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी ग्रूव्ह जातो आणि आत ६० मिमीवर जेमतेम २१ सेंमी. म्हणजे तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. १० किलोहर्ट्झची एक लाट, म्हणजे ‘स’ मधला जो सळसळाट असतो तो, बाहेर ५१ मायक्रॉनमध्ये आरामात बसते आणि आत तिला २१ मायक्रॉन मिळतात. त्यामुळे कोनातली जी चूक पहिल्या गाण्यात खपून जाते ती शेवटच्या गाण्यात बोंब मारते.

तर एका शनिवारी दुपारी सगळं टेबलवर काढून बसलो. भिंग, मोबाइलचा टॉर्च, बारीक चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, स्टीलची पट्टी, छोटी पाणसळ, वजन मोजायचा डिजिटल गेज, आणि प्रिंट काढलेला कागदी प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईची जागा आणि कोन जुळवायचा छापील कागद. सुरुवात पाणसळीने केली. प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ज्यावर फिरते त्या चकतीवर ठेवली तर बुडबुडा एका बाजूला, टर्नटेबलचे पाय फिरवून सरळ केलं, पाच मिनिटांचं काम, पण मी ते आधी केलंच नव्हतं. टर्नटेबल कललेलं असेल तर आर्म आपोआप एका बाजूला ओढला जातो आणि मग आपण अँटिस्केटच्या, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला ओढून धरणाऱ्या डायलच्या नावाने बोटं मोडतो.

मग कार्ट्रिज. आधीच्या वेळी घाईत बसवताना मागच्या तारांची एक छोटी क्लिप चिमट्याने पिळून मी जवळजवळ तोडली होती, त्यामुळे या वेळी हात थरथरत होते. पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस, हे एकदा पाठ करा. मी पहिल्याच वेळी लाल-हिरवी उलटी लावली होती आणि दोन दिवस मला वाटत होतं की नवीन सुईचा आवाज असाच ‘हवेशीर’ असतो, बेस गायब आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी भिंतभर पसरलेला. हवेशीर कसलं, एक चॅनेल उलटा होता.

आता मुख्य भाग, अलाइनमेंट. टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, म्हणून सुई रेकॉर्डवर सरळ रेषेत न जाता कंसात जाते, आणि ज्या मशिनने मूळ लॅकर, म्हणजे रेकॉर्ड जिच्यावरून बनते ती पहिली तबकडी, कापलेली असते ते मात्र सरळ रेषेत गेलेलं असतं. त्यामुळे सुई ग्रूव्हला बरोबर स्पर्शरेषेत अशी फक्त दोन जागी येते, बाकी सगळीकडे थोडीफार तिरकी. त्या दोन जागा, म्हणजे नल पॉइंट, कुठे ठेवायच्या यावर लोकांनी आयुष्य घालवलंय. लॉफग्रेनने १९३८ साली मांडलं, बेअरवाल्डने १९४१ मध्ये, स्टीव्हन्सनने १९६६ मध्ये. बेअरवाल्डचे पॉइंट मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर, स्टीव्हन्सनचा आतला ६०.३ वर, म्हणजे अगदी शेवटच्या ग्रूव्हसाठी. माझं दुखणं शेवटच्या गाण्याचंच, त्यामुळे मला स्टीव्हन्सनचा मोह झाला होता, पण मग पट्टी घेऊन माझ्याकडच्या वीसेक रेकॉर्ड मोजल्या तर बहुतेकांचं संगीत ६५ ते ७० मिमीच्या आसपासच संपत होतं, ६० पर्यंत जाणाऱ्या दोनच निघाल्या. मग ज्या जागेत काही वाजतच नाही तिथे नल पॉइंट ठेवून मधल्या भागातला कोन कशाला वाढवायचा? बेअरवाल्डच धरला. हे मोजायचं मला आधी सुचलं असतं तर एक आठवडा वाद वाचण्यात गेला नसता.

माझ्या आर्मची खुंटी स्पिंडलपासून, म्हणजे रेकॉर्डच्या मधल्या खिळ्यापासून २२२ मिमीवर आहे. त्या हिशोबाने सुई स्पिंडलच्या १७.३ मिमी पुढे पोचायला हवी, यालाच ओव्हरहँग म्हणतात. कागद स्पिंडलवर बसवला, सुई पहिल्या नल पॉइंटच्या टिंबावर टेकवली, कार्ट्रिज रेघांना समांतर, मग दुसऱ्या टिंबावर, तिथे वाकडं, म्हणून जरा पुढे, परत पहिल्यावर, तिथे वाकडं. तासभर हे चाललं. शेवटी दोन्हीकडे बसलं, खुश होऊन पट्टीने ओव्हरहँग पाहिला तर १८ च्या वर. एक मिमी जास्त! परत मोजलं, तेवढंच. मग डोक्यात आलं की कागदावर खाली एक रेघ छापलेली आहे आणि तिच्याखाली १०० मिमी लिहिलंय. पट्टी लावली. १०३.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’वर टिक होती. बॉर्डरलेस छापताना प्रिंटर चित्र थोडं फुगवतो, कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून. फोटोला काय फरक पडतो, पण इथे ६६ चे ६८ झाले होते आणि १२०.९ चे १२४.५. आणि मी दीड महिन्यापूर्वीही हाच कागद वापरलेला. चोर सापडला म्हणून मी उडीच मारली. परत प्रिंट काढली, ‘ॲक्चुअल साइज’, बॉर्डरलेस बंद, रेघ बरोबर १०० भरली, परत तासभर पुढे-मागे, ओव्हरहँग १७.३ च्या आसपास आला, रेकॉर्ड लावली, शेवटचं गाणं, डोळे मिटून बसलो.

‘श्स्सांज.’

जरासा कमी असेल, पण होता. तेव्हा राग आला आणि रागात मी आकडेमोड करत बसलो, जी खरं तर आधी करायला हवी होती. त्या फुगलेल्या कागदाने ६६ मिमीवर कोन किती चुकत होता, तर सुमारे पाव अंश. फक्त पाव अंश! एक मिमीची चूक ऐकायला भयंकर वाटते, पण दोन्ही टिंबं एकाच प्रमाणात सरकली होती आणि मी कार्ट्रिज त्यांच्याशी जुळवलं होतं, त्यामुळे चुकीतही एक शिस्त होती. म्हणजे खरा चोर अजून घरातच.

मुलगी मागे उभी राहून बघत होती. ती बारा वर्षांची, डोळे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. तिने टेबलला हनुवटी टेकवली आणि समोरून बघून म्हणाली, “बाबा, तू डबाच बघतोयस. तार बघ ना. डबा सरळ आहे, तार वाकडी आहे.”

तार म्हणजे कँटिलिव्हर, ती बारीक दांडी जिच्या टोकाला हिरा असतो. मी मोबाइलने जवळचा फोटो काढला, स्क्रीनवर मोठा करून दोन रेघा ओढल्या, एक कार्ट्रिजच्या बॉडीच्या कडेला आणि एक कँटिलिव्हरवरून. साधारण दोन अंशांचा फरक. म्हणजे मी दोन तास घाम गाळून जे जुळवत होतो ते प्लॅस्टिकचं खोकं होतं, हिरा नव्हे. कागदी चुकीच्या आठपट चूक तिथे होती. ग्रूव्हला खोक्याशी काही देणंघेणं नाही, त्याला दांडी कुठे बघतेय तेवढंच कळतं. सगळ्यांनी हे कुठे ना कुठे वाचलेलं असतं, मीही वाचलं होतं, पण बॉडीची कड लांब आणि सरळ असते, डोळा आपोआप तिच्याकडे जातो. आता कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या पकडीत जरा वाकडं दिसतं. येणारे-जाणारे सांगतात, “अरे ते तिरकं बसलंय.” मी म्हणतो, राहू दे.

कँटिलिव्हर धरून परत सगळं पहिल्यापासून. कार्ट्रिज स्क्रूभोवती फिरवलं की सुईचं टोकही सरकतं, त्यामुळे ओव्हरहँग परत बिघडतो, तो नीट केला की कोन बिघडतो. घाई करू नका, आणि स्क्रू पूर्ण आवळताना कार्ट्रिज हमखास थोडं फिरतं, म्हणून डावा-उजवा आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळायचा. टॉर्च एका बाजूने मारला आणि डोळा बरोबर दांडीच्या रेषेत ठेवला तरच नीट दिसतं, जरा बाजूने बघितलं की वाकडं सरळ दिसतं आणि सरळ वाकडं.

मग वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती भार टाकते ते. आर्म मोकळा सोडून मागचं वजन फिरवत तराजूसारखा आडवा तरंगेल असं करायचं, अँटिस्केट शून्यावर ठेवून, मग डायल शून्य करून हवं तेवढं वजन द्यायचं. हे सगळ्यांना येतं. मजा पुढे आहे. माझ्या कार्ट्रिजच्या कागदावर १.६ ते २.० ग्रॅम आणि शिफारस १.८ असं होतं, मी डायलवर १.५ ठेवला होता. का, तर हलकं ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजतात असं माझं ठाम मत होतं. गेजने मोजलं तर प्रत्यक्षात १.४५ निघालं. सुई हलकी असली की जोराच्या जागी ती ग्रूव्हच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते, आणि ते आदळणं हिऱ्याचं असतं, त्यामुळे थोडं जास्त वजन हे थोड्या कमी वजनापेक्षा रेकॉर्डला कितीतरी बरं. दया दाखवून मी माझ्याच रेकॉर्डवर हातोडी चालवत होतो. आता १.८५ वर आहे. गेजचं ताट रेकॉर्डच्या उंचीला यायला हवं, नाहीतर आर्म वर उचललेला राहतो आणि आकडा फसवू शकतो. मी रबरी मॅट काढून गेज थेट प्लॅटरवर ठेवतो, माझ्या गेजला ते बरोबर जमतं. आणि गेजबरोबर आलेलं ५ ग्रॅमचं वजन आधी ठेवून बघा, माझा गेज ते ४.९७ दाखवतो, तेवढं चालतं.

मध्येच एक हिशोब केला, आर्म आणि कार्ट्रिज एकमेकांना शोभतात का याचा. आर्मचं इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला जाणवणारं वजन, ११, कार्ट्रिज ६.५, स्क्रू १, एकूण १८.५ ग्रॅम, गुणिले कंप्लायन्स, म्हणजे सुईच्या दांडीचा लवचिकपणा, १५, त्याचं वर्गमूळ काढून १५९ ला भागायचं. उत्तर साडेनऊ हर्ट्झ, हा रेझोनन्स, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज आपसूक डोलायला लागतात तो वेग. ८ ते १२ मध्ये असलं की बरं, खाली वाकड्या रेकॉर्डचा डुगडुगाट आणि वर संगीत, या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत रेझोनन्स पडतो. फक्त जपानी कंपन्या कंप्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्झचा देतात आणि युरोपातल्या १० चा, हे न बघता आकडा घातला तर उत्तर भलतंच येतं.

आर्मची उंची आणि तिच्यामुळे बदलणारा सुईचा कोन, म्हणजे व्हीटीए, यावर जितकी भांडणं होतात तितकी कशावरच होत नसतील. मी रेघांचं कार्ड मागे धरून रेकॉर्ड वाजत असताना आर्म समांतर केला आणि मग शास्त्रीय प्रयोग करायचा ठरवला. बायकोला म्हटलं, तू उंची बदल, मी डोळे मिटून ओळखतो. पहिल्या दोन वेळी मी अगदी छातीठोकपणे सांगितलं, आता वर गेलाय, आवाज उजळ झाला, आता खाली, बेस भरला. तिसऱ्या वेळी म्हटलं, हां, ही जागा एकदम बरोबर. ती म्हणाली, “अरे, मी तर नंतरच्या दोन्ही वेळी काही हलवलंच नाही.” गप्प बसलो. साधं गणित आहे, माझ्यासारख्या आर्मला एक अंश बदलायचा तर मागची बाजू साधारण ४ मिमी उचलावी लागते. जाड रेकॉर्ड आणि पातळ रेकॉर्ड यांच्यातला फरक एक मिमीसुद्धा नाही, म्हणजे पाव अंशाच्या आत. ज्यांना तो ऐकू येतो त्यांच्याशी मी भांडत नाही, पण मी प्रत्येक रेकॉर्डला उंची बदलणार नाही. चार मिमीचा फरक मात्र मलाही कळला, आणि बायकोलाही, तिने न सांगता.

अझिमथला, म्हणजे समोरून बघताना सुई उभी आहे की कललेली, यासाठी छोटा आरसा प्लॅटरवर ठेवला आणि सुई अलगद टेकवली. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक सरळ उभी रेघ दिसायला हवी, माझी किंचित मोडलेली दिसत होती. मग टेस्ट रेकॉर्डवरचा फक्त डाव्या चॅनेलचा १ किलोहर्ट्झचा सूर लावून कॉम्प्युटरवर उजवीकडे किती गळतोय ते पाहिलं, मग उलट. एकीकडे उणे २७ डेसिबल आणि दुसरीकडे उणे २२. हेडशेल केसभर फिरवलं, परत मोजलं, जास्त झालं, परत केसभर मागे. शेवटी दोन्हीकडे २५ च्या आसपास आलं आणि मी तिथेच थांबलो. इथे मात्र फरक मला डोळे मिटून ऐकू आला, गाणाऱ्या बाई जरा डावीकडे उभ्या राहायच्या त्या मधोमध आल्या.

शेवटी अँटिस्केट. हेडशेलच्या कोनामुळे आणि ग्रूव्हच्या घर्षणामुळे आर्म आतल्या बाजूला ओढला जातो, आतल्या भिंतीवर म्हणजे डाव्या चॅनेलवर भार जास्त पडतो आणि उजवा चॅनेल सुटायला लागतो. काही लोक कोऱ्या, ग्रूव्ह नसलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवून ती स्थिर राहीपर्यंत डायल फिरवतात. मीही केलं, दिसायला फार छान दिसतं, पण सपाट प्लॅस्टिकवरचं घर्षण आणि खऱ्या ग्रूव्हमधलं घर्षण एक नाही. त्यापेक्षा टेस्ट रेकॉर्डवरचे ३०० हर्ट्झचे वाढत्या जोराचे सूर लावले. आधी उजवीकडे करकर आली तर अँटिस्केट वाढवायचं, आधी डावीकडे आली तर कमी करायचं. माझं डायल वजनाएवढंच, १.८ वर होतं, आणि सगळ्यात जोराच्या सुराला डावीकडे करकर. १.४ वर दोन्हीकडे एकदमच यायला लागली आणि तीही अगदी बारीक. डायलवरचे आकडे म्हणजे अंदाज आहे, हे एवढ्या वेळात मला पटलेलं होतं.

वजन परत एकदा तपासलं, कारण कार्ट्रिज पुढे-मागे झालं, आर्म वर-खाली झाला की ते थोडं हलतंच. ०.०३ ने बदललेलं होतं. तोवर रात्रीचे दहा वाजलेले.

तीच नवी रेकॉर्ड, तेच शेवटचं गाणं. मुलगी झोपायला जायच्या ऐवजी सोफ्यावर. ‘सांज.’ नुसतं सांज, ‘स’ ला धार होती पण फाटला नाही, आणि त्याच्यामागे बाई श्वास घेतात तेही ऐकू आलं जे मी त्या रेकॉर्डवर कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मी उत्साहात माझी सगळ्यात आवडती जुनी रेकॉर्ड काढली, जी गेल्या दीड महिन्यात मी रोज रात्री, १.५ ग्रॅमवर, अगदी जपून वाजवली होती. तिच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ अजूनही फाटतो. सुई आता बरोबर वाचतेय, पण वाचायला तिथे तेच कोरलेलं आहे.